काखेतला कळसा

मुंबईत देवनार बस डेपोसमोर टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’. त्याच व्ही. एन. पुरव मार्गाने मानखुर्दकडे निघाले की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. ‘टिस’ने अमेरिकेतल्या एमआयटीला सोबत घेऊन, टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने २०१५ च्या सुमारास ‘क्लिक्स’ हा उपक्रम सुरू केला. होमी भाभा केंद्राचाही त्यात हात होता. सरकारी हायस्कुलातल्या शिक्षकाला संगणकाचा खरा उपयोग कसा व्हावा, हा त्याचा विषय. युनेस्कोचा २०१७ चा किंग हमाद पुरस्कार या कामाला मिळाला. काम झाले ते राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोराममध्ये. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता. रुळांपलीकडे गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या महापालिका शाळा तर नव्हत्याच.

हा सारा भाग म्हणजे एम-पूर्व वॉर्ड. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सर्व वॉर्डांत तळाला, निर्देशांक अवघा ०.०५. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली तेव्हा धुरामुळे इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ‘टिस’ने या वॉर्डाकडे पाठ फिरवली असे कोणी म्हणू नये, २०११ पासून तिने इथे घरोघर पाहणी केली, वस्त्यांत काम केले. पण शिक्षकाच्या हाती तंत्रज्ञान देण्याचे जे कसब तिने कमावले, ते वॉर्डातल्या वर्गांपर्यंत पोहोचले नाही. ते इथे आणण्याची पहिली जबाबदारी महापालिकेची होती.

महापालिकेने पैसा खर्च केला नाही, असेही नाही. २०११ मध्ये व्हर्च्युअल क्लासरूम आली: स्टुडिओत एक शिक्षक शिकवणार, शहरभरची मुले पडद्यावर पाहणार. २०१५ मध्ये दप्तराचे ओझे कमी करायला आठवीच्या मुलांना टॅब दिले. पुढे भिंतीवर डिजिटल फळे लागले. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. व्हर्च्युअल क्लासरूमने वर्गातल्या शिक्षकाला मुले गप्प बसवण्यापुरते ठेवले, टॅब त्याला वगळून थेट मुलाच्या हातात गेला आणि फळा कंत्राटदार लावून गेला. तुम्हाला काय शिकवायचे आहे आणि कुठे अडते, हे शिक्षकाला आधी विचारायचे राहून गेले.

त्याचा परिणाम आम्ही एका शाळेत पाहिला. डिजिटल फळ्यावर जुनी चादर टाकलेली, चौकटीवर उद्घाटनाचे कुंकू अजून तसेच. रिमोट कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या बाईंकडे. वर्गातल्या बाई स्वतःच्या मोबाइलवर हृदयाचे ठोके कसे पडतात त्याचा व्हिडिओ लावून, हात उंच धरून बाकांच्या रांगेतून फिरत होत्या. मागच्या बाकावरची मुले उभी राहून पाहत होती. डेटा बाईंचा आणि युक्तीही त्यांचीच. अशा शिक्षकांना तंत्रज्ञानाचे वावडे आहे, हा समज आता तरी टाकून द्यावा.

‘क्लिक्स’ची रचना महापालिकेच्या या पद्धतीच्या उलट होती. एका संगणकाशी दोन-तीन मुले मुद्दाम बसवायची, म्हणजे ती एकमेकांशी बोलतील, वाद घालतील, चुकतील. शिक्षक नोकरीत राहूनच ‘टिस’चा अभ्यासक्रम करणार आणि मोबाइलवरच्या गटात एकमेकांना अडचणी विचारणार. दोन दिवस सभागृहात बसायचे, हजेरीपटावर सही करायची आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे, अशा प्रशिक्षणाने शिक्षक बदलत नाही. तो बदलतो शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला जमलेले पाहून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. पुढे असे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. ‘क्लिक्स’चे साहित्य खुले आहे, हिंदीतही आहे. गोवंडीच्या हिंदी शाळांना ते उद्या वापरता येईल. मराठी आणि उर्दू आवृत्त्या कराव्या लागतील आणि त्या इथल्याच शिक्षकांकडून करून घ्याव्यात.

मात्र त्यासाठी शिक्षकाला वेळ हवा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अन्य कामाला जुंपायला मनाई करते. पण निवडणुकीच्या सवलतीतून बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, कामे वर्गाच्या वेळात येतात आणि त्यावर सकाळी ग्रुपवर ‘लिंक आजच भरा’ असा निरोप. सरल, यू-डायस अशा सरकारी पोर्टलांवर कसली ना कसली माहिती. तंत्रज्ञानाची शिक्षकाशी रोजची गाठ पडते ती अशी, माहिती भरणारा कारकून म्हणून. आठवड्यातली एक दुपार तरी या लिंकांतून सोडवून शिक्षकांना एकत्र पाठाची तयारी करायला द्यावी.

दुसरी गोष्ट अधिकारांची. बंद पडलेल्या प्रोजेक्टरसाठी मुख्याध्यापकाने पत्र लिहायचे, ते वर चढत जायचे आणि सत्र संपायचे, ही रीत मोडली पाहिजे. वॉर्डाच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा पैसा आणि चार-पाच शाळा इमारतींमागे एक तंत्रज्ञ द्या. काय घ्यायचे ते उर्दू, हिंदी, मराठी माध्यमांचे शिक्षक बसून ठरवू देत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली तेव्हा शिक्षण समितीही गेली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे निर्णय प्रशासकाच्या सहीने झाले. त्या काळात नगरसेवकाला गाठून शाळेचे गाऱ्हाणे सांगण्याची वाटही पालकांना उरली नव्हती. म्हणूनही निर्णय वॉर्डात यायला हवेत.

होमी भाभा केंद्राला आज मानखुर्दला मोठे आवार आहे. १९७४ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचा पत्ता नाना चौकातली महापालिका शाळा हा होता. शास्त्रज्ञ आणि पालिकेचे शिक्षक यांची ओळख इतकी जुनी आहे. महापालिकेने आता ‘टिस’ला आणि या केंद्राला रीतसर पत्र लिहावे, एम-पूर्वमधल्या तीस शिक्षकांची पहिली तुकडी ठरवावी आणि शिवाजीनगरच्या एखाद्या शाळेतली खोली त्यांना उघडून द्यावी. येत्या जूनच्या आत.