जमाखर्च : सुताच्या फुलाची किंमत



गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या डहाणूच्या घरी सौभाग्यवतींनी दारासाठी क्रोशाचे तोरण विणावयास घेतले. आंब्याची पाने दोन दिवसांत सुकतात. सुताचे तोरण वर्षानुवर्षे टिकते आणि त्यासाठी झाडाचे एक पानही तोडावे लागत नाही, हा तिचा विचार. बँकेची सवय सुटली नसल्याने मी वही व घड्याळ घेऊन शेजारी बसलो.

कृती तशी सोपी आहे. फुलासाठी पाच साखळ्या घालून त्यांचे वर्तुळ जोडायचे. मग तीन साखळ्या, वर्तुळात तीन खांब, पुन्हा तीन साखळ्या आणि वर्तुळातच अडकवणे, एवढ्याने एक पाकळी होते. अशा पाच पाकळ्या घातल्या की फूल झाले. पानासाठी अकरा साखळ्या घालाव्यात. सुईजवळची एक सोडून उरलेल्या दहांत अनुक्रमे एक मुका खांब, एक अर्धा, सहा पूर्ण, एक अर्धा व एक मुका खांब घ्यावा. टोकाशी दोन साखळ्या घालून दुसऱ्या बाजूने तसेच परतावे. बुटके टाके कडेला व उंच टाके मध्ये आल्याने पान आपोआप निमुळते होते. शेवटी पातळ खळ देऊन उशीवर टाचणीने ताणून वाळविले की पान ताठ राहते.

आता हिशेब. एकवीस फुले आणि बेचाळीस पाने, म्हणजे त्रेसष्ट नग. प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली तर पावणेसोळा तास. जोडणी व खळ यांचे सव्वादोन तास मिळवून एकूण अठरा तास झाले. सुतासाठी १४० रुपये लागले. अगदी तसेच तोरण बाजारात किती रुपयांस घेतील, असे मी एका परिचित दुकानदारास विचारले. ते म्हणाले, "३२०." सूत वजा जाता १८० रुपये उरले. तासाला दहा रुपये!

"दुकानातली यंत्रावरची असतील, म्हणून स्वस्त," मी म्हणालो. ती हसली. "अहो, विणकामाला यंत्र आहे, लेसला आहे, क्रोशाला नाही. दुकानात दिसते ते प्रत्येक फूल कोणाच्या तरी हातचेच असते."

या वाक्याने मी अस्वस्थ झालो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांस याच कलेने आधार दिला. गुलाब व पाने सुटी विणून नंतर जाळीत जोडण्याची पद्धत तेथलीच. आपल्याकडे आंध्रातील नरसापूर परिसरात हजारो स्त्रिया घरबसल्या क्रोशाची लेस विणतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दाखविले, की या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास परदेशी बाजारासाठी राबत. पण त्यांस कामगार न म्हणता गृहिणी म्हटले जाई आणि त्यांचे काम 'फावल्या वेळचे' ठरे. मजुरी तुटपुंजी राहण्याचे मोठे कारण या एका शब्दात होते.

तो शब्द मीही लिहिला आहे. तलासरीस असताना एक बाई सुतासाठी पाच हजारांचे कर्ज मागण्यास आल्या होत्या. त्यांनी तोरणे, रुमाल सोबत आणले होते. मी अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिले, उत्पन्नापुढे शून्य मांडले आणि अर्ज परत केला. नियमावर बोट ठेवता आले, म्हणून त्या रात्री मला झोपही शांत लागली. किती तास विणता, कोणास विकता, हे दोन प्रश्न मात्र मी विचारलेच नाहीत.

आपण व्यापारी माणसे. माल स्वस्त घेणे हे आपले कौशल्य, आणि त्यात गैर काही नाही. परंतु अचौर्याचे अणुव्रत तिजोरीपुरते नसते. हाताने केलेली वस्तू खरेदी करताना सुताचा खर्च वजा करावा, उरलेल्या रकमेस तासांनी भागावे आणि येणारा आकडा आपल्या लेकीच्या कामास लावून पाहावा. संकोच वाटला, तर भाव वाढवावा.

आणि घरात कोणी विणत असेल, तर एक फूल स्वतः विणून पाहावे. माझ्या पहिल्या फुलास सव्वा तास लागला. पाकळ्या चारच झाल्या. सौभाग्यवतींनी ते तोरणाच्या मधोमध लावले आहे. दारातून जाता-येता ते मला दिसते.