बंदोबस्ताला पोलीस आहेत, तपासाला का नाहीत?

डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचे सर्वेक्षण ग्रामस्थांचा विरोध असताना पोलीस बंदोबस्तात झाले. तेव्हा सरकारला पोलीस कमी पडले नाहीत. याच तालुक्यात १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे अफवेने भडकलेल्या जमावाने तिघांना ठार मारले, तेव्हा मात्र जागेवर मूठभर पोलीस होते. खजिना एकच, मग अग्रक्रम कोण ठरवतो?

अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करू नये आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात जावे, असे १९९५ च्या नियमावलीतील नियम ७ सांगतो. पण त्याच उपअधीक्षकाला बंदोबस्तात अडकवले, तर तपास मागे पडणारच. त्याची किंमत डहाणू-तलासरीतल्या आदिवासी व बौद्ध फिर्यादीने का मोजावी?

नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झालीच पाहिजे. समितीवरील आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत दोनच आकडे लेखी मागावेत: उपअधीक्षकांचे किती दिवस बंदोबस्तात गेले आणि किती तपासात? उत्तर मिळाले नाही, तर कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा.

आम्ही संरक्षणाची भीक मागत नाही. आमच्याच पैशाचा हिशेब मागतो आहोत.