फंडपेटी आणि पिस्तूल

शिवोलीहून चोपड्यास यावयास फेरीबोट हाच मार्ग होता, त्या काळी रात्री परका माणूस उतरला तर साऱ्या वाड्यास त्याची वार्ता लागे. आता शापोऱ्यावर पूल आहे, मोप्यास २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरतात, आणि शेजारच्या घरी कोण भाड्याने राहतो हे शेजाऱ्यासही ठाऊक नसते. त्यातच २०२५ साली एप्रिलात दोनापावल येथे आणि ऑक्टोबरात म्हापशास दरोडेखोरांनी घरच्या माणसांस बांधून घालून लूट केली. लोक धास्तावले, यात नवल नाही. परंतु या धास्तीतून जो तोडगा आमच्या महाजन मंडळींत बोलला जात आहे, तो आम्हांस साफ नामंजूर आहे. एक स्वस्तातले पिस्तूल घ्यावे, परवाना काढावा, म्हणजे घराचीही आणि देवळाच्या फंडपेटीचीही चिंता मिटली, असे हे म्हणणे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू; कारण प्रतिपक्षाचा भर तिच्यावरच आहे. आत्मसंरक्षणाचा अधिकार खरा आहे. पूर्वी तो दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. सूर्यास्तानंतर देऊळ फोडणे ही घरफोडीच होय, आणि तशा प्रसंगी चोराच्या प्राणापर्यंतही हा अधिकार पोहोचू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याच कायद्याने म्हटले आहे की आवश्यकतेहून अधिक इजा करता येणार नाही. आणि घरफोडीमुळे मिळालेला अधिकार चोर आत आहे तोवरच टिकतो. तो उंबरठा ओलांडून दीपस्तंभापाशी पोहोचला आणि मागून गोळी सुटली, तर संरक्षक आणि आरोपी यांमधले अंतर एका क्षणाचे उरते. अंधारात, घाबऱ्या मनाने, हा हिशेब कोण करणार? आम्ही वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहतो. तो हिशेब तेथे दिवसाउजेडी, सावकाश, दोन्हीकडच्या वकिलांनी केला तरी चटकन सुटत नाही.

आता त्या वस्तूकडे वळू. ९ मि.मी.चे पिस्तूल सामान्य नागरिकास वर्ज्य. त्यास मिळते ते बहुधा सरकारी कारखान्यातले ·३२ बोअरचे. हे स्वयंभरित पिस्तूल म्हणजे कोयता नव्हे, की भिंतीस टांगला आणि लागेल तेव्हा काढला. एक बार झाला की त्याच्याच जोराने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो, आणि पुढे येताना खालच्या मॅगझिनमधले दुसरे काडतूस नळीत लोटतो. ही साखळी नळी, स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ आणि काडतूस या सर्वांवर अवलंबून. एकही बिघडले की टरफल मध्येच अडकते. आगरवाड्याच्या मिठागरांवरून येणारा वारा ज्या गावास रोज लागतो, तेथे लोखंडास गंज चढावयास एक पावसाळा पुरे. तेल कमी झाले तर गंज, अधिक झाले तर त्यात धूळ बसून चिकटा. दमटपणाने काडतूसही दगा देते. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू वाहतात, ते योग्यच. पण वर्षातून एकदा फूल वाहिल्याने नळी साफ होत नाही. वारंवार उघडून पुसणे आणि प्रत्यक्ष बार काढून सराव करणे, हे ज्यास जमत नाही त्याच्या हाती ते यंत्र भरवशाचे नव्हे.

आणि सर्वांत घातक अज्ञान हे की मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले. तसे नाही! एक काडतूस नळीत राहिलेले असते. सरकता भाग मागे ओढून, डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केल्याशिवाय ते रिकामे मानू नये. पुसता पुसता बार उडाला, अशा कहाण्यांचे मूळ पुष्कळदा येथेच असते. ज्या घरात नातवंडे खेळतात, तेथे कुलूपबंद पेटी हवी. २०१६ च्या नियमांचीही तीच आज्ञा आहे. आणि कुलूपात ठेवलेले शस्त्र दार फोडून आत आलेल्या दरोडेखोरापुढे किती वेळात हाती येणार, याचा विचार ज्याने त्याने करावा.

बागायतदाराची एकनळी बंदूक ही गोष्ट निराळी. गवे, रानडुकरे, माकडे यांनी काजू-नारळीची धूळधाण मांडली असता ती केवळ आवाजासाठी का होईना, उपयोगी पडते. प्राण्यास मारणे १९७२ च्या कायद्याने जखडलेले आहे, हे मात्र विसरू नये. त्या बंदुका प्रत्येक निवडणुकीस सरसकट जमा करून घेणे आम्हांस अन्यायाचे वाटते. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच विषयात माणूस पाहून निर्णय करण्याची दिशा दाखविली आहे. पण पिस्तूलवाल्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की तेही या हुकुमातून सुटणार नाहीत. निवडणुकीच्या काळात त्यांचे संरक्षण पोलीस ठाण्याच्या कपाटात असेल.

मग फंडपेटीचे काय? सुमारे लाखभर रुपये पिस्तुलास आणि वर काडतुसे, तेल, नूतनीकरण यांस घालण्यास जी समिती तयार आहे, तिने त्याच पैशात पेटी दर आठवड्यास उघडून रक्कम बँकेत भरावी. देवीचे दागिने पुनवेस व जत्रेस आणावेत, एरवी लॉकरात ठेवावेत. रात्री दोन पगारी राखणदार असावेत, एक नव्हे. आणि देवळाची घंटा वाजली तर वाड्यातून कोण कोण धावून येणार, त्यांची नावे आधीच ठरवावीत. गेल्या बैठकीत आम्ही ही सूचना मांडली. पिस्तूल कोणाच्या नावे घ्यावे, यावर त्या दिवशी दोन तास वाद झाला. राखणदाराच्या पगाराचा विषय मात्र पुढील बैठकीवर ढकलण्यात आला.