धम्माचा बेदाणा करू नका

सुशिक्षितांच्या बैठकीत एक मत अलीकडे फार आत्मविश्वासाने मांडले जाते. बौद्ध धर्माचा खरा गाभा ध्यान हा होय. तो आपण भारतीय विसरलो, पाश्चात्त्यांनी मात्र ओळखला. आपल्याकडे धम्माचे राजकारण झाले, असे ते मत. मांडणारा बहुधा इगतपुरीला दहा दिवस राहून आलेला असतो, किंवा परदेशातील मुलाने पाठविलेले एखादे इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती असते. ‘राजकारण’ या शब्दाने त्याला काय सुचवायचे असते, हे तासगावकराला फोड करून सांगावे लागत नाही. बोट असते ते वस्तीतील विहाराकडे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीकडे आणि निळ्या झेंड्याकडे. हे मत चुकीचे आहे आणि अन्यायाचेही आहे. आपल्या कॅथलिक समाजातही ते मूळ धरू लागल्यामुळे त्याचा समाचार घेणे भाग आहे.

ज्याचे श्रेय त्याला प्रथम देऊ. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातील व्यापारी कुटुंबातले. सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशी विपश्यना शिकून ते १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीची धम्मगिरी उभी राहिली. शिबिराचे शुल्क त्यांनी कधी घेतले नाही. जातीची वा धर्माची विचारपूस केली नाही. १९९४ साली तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी त्यांच्या शिबिराला बसले. २००९ साली गोराईला उघडलेला विश्व विपश्यना पॅगोडा वसई-उत्तनच्या आपल्या बांधवांच्या शेजारीच आहे. २०१३ साली गोयंका निवर्तले. ज्याने आयुष्यभर विद्या विकली नाही, त्याच्याविषयी आदराने बोलणे हा साधा प्रामाणिकपणा आहे.

हीच विद्या पश्चिमेला कशी गेली, तेही पाहण्यासारखे आहे. १९७१ च्या सुमारास बोधगयेला गोयंकांपुढे बसलेल्या तरुणांत जोसेफ गोल्डस्टाइन आणि शॅरन साल्झबर्ग हे अमेरिकन होते. थायलंडच्या अरण्यविहारातून परतलेल्या जॅक कॉर्नफील्ड यांच्यासमवेत त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील बॅरी या गावी १९७० च्या दशकाच्या मध्यास ध्यानकेंद्र काढले. त्यासाठी घेतलेली वास्तू पूर्वी एका कॅथलिक संघाची होती; व्रतबंधनाची तयारी करणारे तरुण तेथे राहत. पुढे १९७९ साली, त्याच राज्यातील विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबॅट-झिन यांनी जुनाट वेदनांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी ध्यानक्रम सुरू केला. रुग्ण बिचकू नयेत म्हणून बौद्ध परिभाषा त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. वेदनेने पिचलेल्या माणसाला त्यातून दिलासा मिळाला असेल, तर त्याबद्दल कोण तक्रार करील?

तक्रार पुढच्या पायरीची आहे. रुग्णालयातून ते ध्यान कचेरीत गेले, कचेरीतून सैन्यात आणि शेवटी मासिक वर्गणी भरून खिशातल्या फोनवर आले. परिभाषा गेली तशी हळूहळू नीतीही गळाली. मालकाने कामाचे तास वाढवावेत आणि ताण उतरविण्यासाठी त्याच कामगाराला ध्यानाचा वर्ग लावून द्यावा, इथवर मजल गेली. रोनाल्ड पर्सर या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१९ साली एका पुस्तकात या व्यवहाराला बर्गरच्या दुकानाचे नाव जोडून त्याची यथेच्छ हजेरी घेतली आहे. गोयंकांच्या शिबिरात पहिली गोष्ट कोणती होते? साधक पंचशील घेतो. हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य आणि नशा यांपासून दूर राहण्याचा संकल्प केल्यावाचून श्वासाकडे पाहण्याचा पाठ मिळतच नाही. बाजाराने नेमका हा उंबरठा काढून टाकला.

आता आपल्या भागाकडे येऊ. मिरजेकडे येणाऱ्या लोहमार्गावर मसूर नावाचे स्थानक आहे. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही मुले तेथे उतरली. गोरेगावला नोकरीस असलेल्या वडिलांकडे त्यांना जायचे होते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि तेही गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवान बाजूने चालत येईल, अशा अटीवर. रात्री जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते आणि ते कोणी देईना. मुले उपाशीच झोपली. त्यांतला नऊदहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

आमच्या ध्यानप्रेमी मित्रांना माझा एकच प्रश्न आहे. त्या रात्रीचे दुःख कोठे होते? तहान मुलाच्या घशात होती हे खरे, परंतु तिचे कारण त्याच्या तृष्णेत नव्हते. ते स्टेशनमास्तराच्या, गाडीवानाच्या आणि पाणी नाकारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात होते, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या समाजव्यवस्थेत होते. त्या मुलाला श्वासाकडे पाहा असे सांगणे म्हणजे गुन्हेगाराला मोकळे सोडून फिर्यादीलाच समजूत घालणे होय. ध्यानाला बसवायचे तर प्रथम त्या गाडीवानाला बसवावे, आणि उठल्यावर त्याने मुलांना पाणी दिले की नाही, हे पाहावे.

बाबासाहेबांचा धम्म या प्रश्नातून आला आहे. १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखोंच्या समुदायाला त्रिशरण-पंचशिलाबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात माणसाचे माणसाशी असलेले नाते हाच धम्माचा विषय ठरविला आहे. म्हणून त्यांनी ध्यान नाकारले असे मात्र नाही. अष्टांगमार्गातील सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी यांना त्या ग्रंथात स्थान आहे. त्यांच्या आधीच्या पायऱ्या मात्र गाळलेल्या नाहीत. यालाच ‘राजकारण’ म्हणायचे असेल, तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या प्रभू येशूच्या आज्ञेलाही राजकारणच म्हणावे लागेल.

पश्चिमेला ध्यान नेणाऱ्या थोर आचार्यांचीच साक्ष काढा. व्हिएतनामचे भिक्षू थिक न्हात हान्ह यांचे नाव शांत चालणे आणि शांत श्वास यांसाठी जगभर घेतले जाते. परंतु १९६० च्या दशकात बाँबवर्षावाखालील खेड्यांत घरे, शाळा व दवाखाने उभारणारे तरुण त्यांनी तयार केले होते. शांततेची मागणी करण्यासाठी १९६६ साली ते अमेरिकेस गेले आणि मायदेशाची दारे त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे बंद झाली. फ्रान्समधील प्लम व्हिलेज १९८२ साली उभे राहिले, ते या निर्वासिताच्या हातून. १९६७ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविले, ते काही ताण कमी करण्याच्या युक्तीसाठी नव्हे. आपले ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस मर्टन त्यांना १९६६ साली भेटले आणि त्यांना आपला भाऊ म्हणून गेले.

दुसरे नाव भिक्खू बोधी यांचे. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या विद्वान भिक्षूने पाश्चात्त्य बौद्धांना स्पष्ट विचारले, की तुम्ही ध्यानाला बसता, पण जगातील उपाशी माणसांचे काय? त्यातून २००८ साली भूकग्रस्तांसाठी काम करणारी संस्था निघाली. तिसरे लंडनचे संघरक्षित. बाबासाहेबांना ते भेटले होते, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेल्याची वार्ता आली तेव्हा नागपूरच्या पोरक्या झालेल्या जनसमुदायाला धीर द्यायला ते तेथे उभे होते. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये संघ स्थापिला. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७८ पासून पुण्यात कार्य करू लागले. भाज्याच्या प्राचीन लेण्यांच्या परिसरात आज वस्त्यांतील माणसे ध्यानशिबिराला येतात. ध्यान आणि बावीस प्रतिज्ञा एका मांडीवर बसू शकतात, याचा हा पुरावा आहे. ध्यान ही निव्वळ पळवाट आहे असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनीही तो पाहावा. मात्र याच संघरक्षितांच्या खासगी वर्तनावर त्यांच्या अनुयायांनी गंभीर आक्षेप घेतले आणि २०१६ साली त्यांना खेद व्यक्त करावा लागला. शीलाचा उंबरठा गुरूलाही चुकवता येत नाही, असाच याचा अर्थ. हे वाचून आपल्यापैकी कोणी सुखावू नये; आपल्या ख्रिस्तसभेलाही याच बाबतीत मान खाली घालावी लागली आहे.

आता आपल्या घराविषयी. आपल्याकडे या प्रश्नावर दोनच सूर ऐकू येतात. एक भयाचा. १९८९ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने ख्रिस्ती ध्यानासंबंधी पत्र काढले आणि १९९८ साली, मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, फादर अँथनी डिमेलो यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना दिली. एवढ्यावरून काहींनी पूर्वेकडील सर्व ध्यानाला सैतानाचे दार ठरविले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांतील सत्य व पवित्र ते नाकारू नये असे सांगितले, याचा त्यांना विसर पडतो. दुसरा सूर हौसेचा. श्वास आणि शरीरसंवेदना यांच्या निरीक्षणापासून प्रार्थनेकडे जाण्याची वाट या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९७८ सालच्या ‘साधना’ या पुस्तकात दाखविली. हौशी मंडळी त्यातला श्वास घेतात आणि वाट सोडून देतात. लोणावळ्याच्या हवेत आठ दिवस मौन पाळून मन हलके होते, आणि घरी परतल्यावर मोलकरणीचा पेला वेगळाच राहतो. दोन्ही सूर एकाच जागी चुकतात. ध्यानाने माझ्या आत्म्याला काय होईल एवढीच दोघांना काळजी; शेजाऱ्याचे काय होईल, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

तासगावात आपण कॅथलिक मूठभर आहोत. पण शेजारी कोण आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. छाटणीपासून विरळणी आणि डिपिंगपर्यंत द्राक्षबागेत राबणाऱ्या बाया आणि बेदाणा शेडवर वाकून निवडणाऱ्या बाया, यांत बौद्ध वस्तीतल्या कितीतरी आहेत. शिबिर विनामूल्य असते, हे मान्य. पण या बाईच्या दहा दिवसांच्या मजुरीचे काय? तिला मौनाची गरज नाही असे समजू नका. तिला ते परवडत नाही, एवढेच.

बेदाणा म्हणजे काय, हे तासगावला शिकवायला नको. आपल्या गणपतीचे नाव मिरवणारी ‘तास-ए-गणेश’ असो वा परदेशातून आलेली थॉमसन, द्राक्ष बिनबियांचे. त्यातले पाणी उडवले की ते टिकते, दूर जाते आणि सौद्यात भाव खाते. गोडी असते, यात संशय नाही. परंतु बेदाणा पुरून वेल येत नाही. वेल हवा असेल तर जिवंत काडी खुंटावर भरावी लागते आणि खुंटाची मुळे मातीत असावी लागतात. बाजाराने जगभर पाठविलेला धम्म हा बेदाणा आहे. तो खाणाऱ्याने खुशाल खावा. पण इथे आपल्या मातीत १९५६ साली लागलेल्या वेलाला ‘हे खरे द्राक्ष नव्हे’ असे त्याने म्हणू नये.

तेव्हा ज्यांना ध्यान शिकायचे आहे त्यांनी जरूर शिकावे. मीही कोणाला अडविणार नाही. मात्र पुढच्या शिबिराला जाताना आपल्या बागेतील एका मजूर बाईलाही पाठवावे आणि तिची दहा दिवसांची मजुरी घरपोच करावी. प्रायश्चित्तकाळात बौद्ध वस्तीतील कोणा ज्येष्ठाला आपल्या सभागृहात बोलावून बावीस प्रतिज्ञांचा अर्थ ऐकून घ्यावा. आणि डोळे मिटून बसल्यावर मन निवळले की नाही, याची चौकशी थोडी कमी करून, डोळे उघडल्यावर आपण कोणाला पाणी दिले, याचा हिशेब ठेवावा. मसूरच्या वाटेवरची ती मुले अजून तहानलेली आहेत.