खाते बंद होण्याची भीती

भीमाशंकर कारखान्याचे ऊसबिल जमा झाले, की आमच्या पारगावात घरोघर खर्चाचे बेत ठरतात. अशाच दिवशी अब्बांना बँकेच्या नावाने ई-मेल आला : ‘केवायसी अपूर्ण, आज रात्री खाते बंद.’ अब्बा लिंक दाबणार, तोच आम्ही पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून पाहिला. नाव बँकेचे, पत्ता भलत्याचाच!

घाई करायला लावणारा मेल दिसला, की थांबा. लिंक दाबू नका. पासबुक घेऊन शाखेत जा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले होते, तो शेवट तपासा. ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.