बेकायदा फलक : तक्रार इथली आणि तिथली



मागच्या हिवाळ्यात आमच्या घराजवळच्या वळणावर कुणीतरी जाहिरातीचा ट्रेलर आणून उभा केला. जाहिरात सोफ्याच्या सेलची, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्याच्या आडून सायकलवर शाळेला जाणारी मुले मोटारवाल्यांना दिसेनात. आम्ही आठवडाभर नुसते चडफडत होतो. "आपण इथे परके, कशाला उगाच नसती भानगड?" हा आपला नेहमीचा विचार! शेवटी शेजारच्या डच आजींनीच विचारले, "मेल्डिंग केलंत का?" त्याच रात्री गेमेंटेला, म्हणजे आपल्या नगरपालिकेला, फोनवरून फोटो आणि जागा कळवली. लगेच तक्रार क्रमांक आला. पाच दिवसांनी मालकाला समज दिल्याचा निरोप आला आणि पुढच्या आठवड्यात ट्रेलर गायब.

त्या हुरुपात आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावीही तोच प्रयोग केला. आईबाबांच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स होता आणि त्यामागे सिग्नलच झाकला गेला होता. तिथेही अ‍ॅप आहे, फोटो जोडता येतो, क्रमांकही मिळतो. चार दिवसांनी मेसेज आला, "तक्रार निकाली काढली आहे". कोपऱ्यावर जाऊन पाहिले तर भाऊ जागच्या जागी हसत उभे!

म्हणजे तंत्रज्ञान दोन्हीकडे सारखेच आहे. मग अडते कुठे? आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचे तर टिकेट सगळेच उघडतात, ते कुणाच्या नावावर आहे आणि मुदत चुकली तर काय, यावर सगळे ठरते.

याचे सर्वात भीषण उदाहरण म्हणजे घाटकोपर. १३ मे २०२४ रोजी वादळी पावसात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर एक महाकाय होर्डिंग कोसळले. १७ माणसे गेली, ७० हून अधिक जखमी झाली. मुंबई महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांच्या फलकाला परवानगी देते. हे होते सुमारे १२० बाय १२० फूट, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट! जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. महापालिका म्हणाली, आमची परवानगी घेतलेली नाही. दुसरी बाजू म्हणाली, या जागेवर तुमच्या परवानगीची गरजच नाही. एवढा मोठा फलक महामार्गावरून रोज लाखो लोकांना दिसत होता, तो लपून उभा राहिला नव्हता. फक्त तो कुणाच्या अखत्यारीत, हे ठरायचे राहिले होते.

हे पहिलेच नव्हते. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेवरील होर्डिंगचा सांगाडा काढताना सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चौघांचा जीव गेला. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात पावसापासून आडोसा घेतलेल्या माणसांवर होर्डिंग पडले, त्यात पाच गेले.

कायदा नाही असे मात्र नाही. मालमत्ता विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या आणि इतर याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला आणि राज्यभरातल्या पालिकांना बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेश दिले. राजकीय पक्षांनी तसे फलक लावणार नाही अशी लेखी हमी दिली. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला पक्षांना विचारावे लागले की हमी मोडल्याबद्दल अवमानाची कारवाई का करू नये. आता दोन हजारांच्या दंडाला कोण भाऊ घाबरणार, सांगा बरे!

इथे नेदरलँड्समध्ये काय वेगळे आहे? माणसे काही देवदूत नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या आंदोलनात महामार्गांच्या पुलांवर आणि खांबांवर उलटे डच झेंडे लागले, ते कित्येक ठिकाणी महिनोन् महिने तसेच होते. रस्त्यावर टाकलेला कचरा उचलणाऱ्या कंत्राटदारांना तर धमक्या आल्या. मागे जमाव असला की इथलीही यंत्रणा बिचकते. पण एरवी तीन गोष्टी कामी येतात.

पहिली, जबाबदारी. जमीन कुणाचीही असो, बांधकामाची परवानगी साधारणपणे गेमेंटेच देते आणि नियम मोडला तर दंडाची धमकी देणारी नोटीसही तीच काढते.

दुसरी, मुदत. साधे मेल्डिंग कुणीही करू शकतो. पण ज्याला प्रत्यक्ष त्रास होतो, उदाहरणार्थ खिडकीसमोर झगमगता फलक आहे, तो रीतसर 'हँडहाविंग्सफरझुक', म्हणजे कारवाईची मागणी, करू शकतो. त्यावर साधारण आठ आठवड्यांत लेखी निर्णय द्यावाच लागतो. नाही दिला तर आपण लेखी आठवण द्यायची. पुढच्या दोन आठवड्यांतही निर्णय आला नाही तर गेमेंटेलाच दंड सुरू होतो, तो अर्जदाराला मिळतो! सुरुवातीला दिवसाला २३ युरो, जास्तीत जास्त १,४४२ युरो.

तिसरी, पर्याय. निवडणुकीत गेमेंटे स्वतःच फळ्या उभ्या करते, सगळ्या पक्षांची पोस्टर्स एकाच जागी. पोस्टर लावायला बंदी घालायची तर मोफत लावायला पुरेशी जागाही द्यावी लागते, असे इथल्या न्यायालयांचे म्हणणे आहे. नुसती बंदी टिकत नाही, हे आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सनी सिद्ध केलेच आहे.

मग आपण काय करायचे? इथे संकोच सोडायचा. १४ आणि पुढे शहराचा कोड (अ‍ॅमस्टरडॅमला १४ ०२०, हेगला १४ ०७०) फिरवा किंवा गेमेंटेच्या संकेतस्थळावर कळवा. तक्रार केल्याने व्हिसाला धोका होत नाही! पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य झाले की गेमेंटेच्या निवडणुकीत मतदानही करता येते, मग परके कसले?

आणि तिथे? "निकाली" या शब्दावर थांबू नका. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माहितीचा अधिकार आहे. या जागेवरच्या फलकाला परवाना आहे का, क्रमांक काय, मुदत कधीपर्यंत, मजबुतीची तपासणी कधी झाली, एवढे चारच प्रश्न विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले की फलक कुणाच्या नावावर आहे हे कागदावर येते. घाटकोपरला नेमके तेच वेळेवर झाले नाही.

आम्हीही असा अर्ज बाबांच्या नावाने टाकला आहे. उत्तर आले की इथेच कळवू. तोवर भाऊंना शुभेच्छा!

तुमचा अनुभव काय आहे? जरूर लिहा.