शिडाच्या नौकेला तार हवी की दोर? प्रश्न फक्त ताकदीचा नाही

भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांची डोलकाठी 2018 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. पाठीला जबर दुखापत झाली. 2023 मध्ये त्याच शर्यतीत ते दुसरे आले. ही शर्यत मुद्दाम 1968 च्या पद्धतीने होते, त्यामुळे कार्बन फायबर, स्पेक्ट्रा असं आधुनिक साहित्य तिथे चालत नाही. बाकीच्या नौकामालकांना मात्र ठरवावं लागतं: डोलकाठी ताणून धरायला स्टेनलेस स्टीलची तार घ्यायची की कृत्रिम धाग्याचा दोर?

हा दोर नेमका कसला?

डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही एकाच प्रकारच्या धाग्याची व्यापारी नावं. मूळ पदार्थ पॉलिथिलीन, म्हणजे बाजाराच्या पिशवीचाच. फक्त रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब. हा दोर पाण्यावर तरंगतो. स्टील पाण्याच्या जवळपास आठपट जड. उंचावरचं वजन घटलं की नौका कमी कलते, म्हणून दोराचं आकर्षण.

पण सतत ताणाखाली तो हळूहळू लांबतो आणि पुन्हा आखडत नाही. म्हणून त्याची जाडी तुटण्याच्या नव्हे, तर लांबण्याच्या हिशोबाने ठरवतात. तो तारेपेक्षा जाड घ्यावा लागतो आणि वाराही जास्त अडवतो. शिवाय इतका गुळगुळीत की साधी गाठ सरकते. टोक दोरातच विणून फास करावा लागतो.

तार मग निर्धोक?

'स्टेनलेस' या नावावर जाऊ नये. तार जिथे टोकाच्या धातूच्या नळीत शिरते, तिथे खारं पाणी साचतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि गंज आतून खातो. बाहेरून सगळं चकचकीत. दोर गंजत नाही; घासला की तंतू पिंजलेले दिसतात. उन्हाने किती ताकद गेली, हे मात्र नजरेला कळत नाही.

लाइफलाइनचं काय?

डेकच्या कडेने, खांबांच्या भोकांतून ओवलेली ही ओळ माणसाला समुद्रात पडण्यापासून अडवते. इथे दोर बारीक असतो, त्यामुळे ऊन लवकर भिनतं. खरा शत्रू मात्र घर्षण. जुन्या तारेने खांबांच्या भोकांना धार आणलेली असते. ती कानसून गुळगुळीत न करता दोर ओवला, तर तो तिथेच कापला जातो. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तारही फसवी, कारण आत पाणी अडकतं. म्हणूनच वर्ल्ड सेलिंगच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत तार वापरली, तर ती विनाआवरण लागते.

वर्षभर मुंबई-गोव्याच्या उन्हात उभी राहणारी आणि फक्त सुट्टीला बाहेर पडणारी नौका असेल, तर लाइफलाइनला उघडी तारच बरी. लांबच्या सफरीत गणित बदलतं. यंत्राने दाबून बसवलेलं तारेचं टोक भर समुद्रात पुन्हा बसवता येत नाही. दोराचा फास हाताने विणता येतो. त्यामुळे डोलकाठीला तार लावलेले अनेक दर्यावर्दीही डायनीमाचं एक भेंडोळं सोबत ठेवतात.